हान्स रेनॉल्ड : इंजिनाच्या पोटातील साखळीचा कारागीर

हिवाळ्यातल्या सकाळी रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली, की काही गाड्यांच्या इंजिनातून एक-दोन सेकंद खडखड असा आवाज येतो आणि मग तो थांबतो. बहुतेक मालक तिकडे लक्ष देत नाहीत. अनुभवी मेकॅनिकचे कान मात्र लगेच टवकारतात. इंजिन ऑइल शेवटचे कधी बदलले, हा त्याचा पहिला प्रश्न असतो, कारण त्याला संशय येतो टायमिंग चेनचा. इंजिनाच्या एका टोकाला, झाकणाच्या आड, तेलात भिजत फिरणारी ही साखळी गाडीच्या आयुष्यभरात मालकाला बहुधा एकदाही दिसत नाही. तिची एक कडी निसटली, तर मात्र चालती गाडी रस्त्यातच उभी राहते आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकाला घाम फुटतो.

या साखळीची आजची घडण ज्या कल्पनेवर उभी आहे, ती मोटारगाडीपेक्षाही जुनी आहे. कार्ल बेंझ यांची पहिली गाडी धावायच्या पाच-सहा वर्षे आधी, १८८० मध्ये, मँचेस्टरजवळ एका छोट्या कारखान्यात ती सुचली. ज्यांना सुचली, त्यांचे नाव हान्स रेनॉल्ड. ते जन्माने स्विस आणि कर्तृत्वाने मँचेस्टरकर. साखळी झिजते का आणि कुठे, या एका प्रश्नावर त्यांनी आपला धंदा उभारला. पुढे तोच माणूस कामगार कशाने थकतो, या प्रश्नाकडेही तितक्याच बारकाईने पाहू लागला.

आराऊ ते मँचेस्टर

रेनॉल्ड यांचा जन्म ३१ जुलै १८५२ रोजी स्वित्झर्लंडमधील आराऊ या गावी झाला. याच गावातल्या शाळेत पुढे १८९५-९६ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन शिकले. रेनॉल्ड यांनी झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८७३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते मँचेस्टरला येऊन दाखल झाले.

त्या काळी अभियंत्याने मँचेस्टरला जाणे म्हणजे पखवाजाच्या विद्यार्थ्याने थेट गुरूच्या घरी राहायला जाण्यासारखे होते. मँचेस्टर आणि आसपासचा लँकेशायर परगणा हे जगातल्या कापूस उद्योगाचे केंद्र होते. सूत कातणारी, विणणारी, पिंजणारी यंत्रे इथेच बनत आणि इथूनच जगभर जात. मुंबईच्या गिरण्यांमधली बरीचशी यंत्रेही याच परगण्यातून आलेली होती. रेनॉल्ड यांना नोकरी मिळाली तीही यंत्रे परदेशी पाठवणाऱ्या एका पेढीत. गिऱ्हाईक कशाबद्दल तक्रार करते, कोणता भाग आधी मोडतो, कोणता वारंवार मागवला जातो, हे कळायला यापेक्षा चांगली जागा नव्हती.

सहा वर्षांनी, १८७९ मध्ये, त्यांनी जेम्स स्लेटर यांचा सॉल्फर्डमधला छोटासा कारखाना विकत घेतला. मँचेस्टरला लागूनच असलेल्या या गावात स्लेटर कापड यंत्रांसाठी साखळ्या बनवत. धंदा लहान, माल साधा आणि गिऱ्हाईक ठरावीक होते. विकत घेणारा सत्तावीस वर्षांचा परदेशी तरुण मात्र झुरिकमध्ये शिकून आला होता आणि साखळीकडे तो अभियंत्याच्या नजरेने पाहत होता.

झीज नेमकी कुठे होते?

साखळीने चाक फिरवणे ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. लिओनार्दो दा विंची यांच्या वह्यांत कडीला कडी जोडलेल्या साखळ्यांची चित्रे आहेत. १८२९ मध्ये फ्रान्सच्या आंद्रे गाल यांनी पट्ट्या आणि खिळ्यांची साखळी तयार केली होती. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी पिन, अशी तिची रचना होती. वजन उचलायला ही साखळी उत्तम होती, पण वेगाने सतत फिरवली की ती लवकर झिजे.

त्यामागचे कारण साध्या गणिताचे आहे. साखळी दातेरी चाकावरून वळते, तेव्हा प्रत्येक सांध्यात आतल्या पट्ट्या पिनभोवती थोड्याशा फिरतात. म्हणजे साखळीवरचा सगळा ताण पिन आणि पट्टीच्या छिद्राची कड एवढ्याच जागेवर येतो. पट्टी दीड मिलिमीटर जाडीची धरली, तर दोन पट्ट्या मिळून पिनच्या लांबीतले जेमतेम तीन मिलिमीटर भार पेलतात. पिनचा उरलेला मधला भाग रिकामाच राहतो. सगळा भार दोन अरुंद कडांवर आला, की त्या कडा पिनला करवतीसारख्या खातात.

स्लेटर यांच्या १८६४ च्या पेटंटमधल्या साखळीत पिनभोवती फिरणारा रोलर होता. त्यामुळे साखळी दातावर घासण्याऐवजी गडगडत बसत असे. दात वाचले, तरी सांध्याच्या आतली झीज तशीच राहिली.

रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये केलेला बदल चित्रात पाहिला तर अगदी किरकोळ वाटेल. त्यांनी आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक पोकळ नळी घट्ट बसवली. या नळीला बुश म्हणतात. पिन या बुशमधून जाते आणि बाहेरच्या पट्ट्यांत घट्ट बसते. रोलर येतो बुशच्या बाहेरून. आता सांधा वळतो तेव्हा पिन फिरते ती बुशच्या पूर्ण लांबीत. आधी जो भार तीन मिलिमीटरवर होता, तो आता नऊ-दहा मिलिमीटरवर पसरतो. भार तोच राहून दाब एक तृतीयांशावर येतो आणि झीजही त्या मानाने उतरते. शिवाय पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहायला जागा मिळते. अरुंद कडेखाली हा थर टिकत नव्हता.

शरीरशास्त्र जाणणाऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. माणसाच्या गुडघ्यात मांडीचे गोलसर हाड नडगीच्या सपाट हाडावर टेकते. त्यांच्यामध्ये मेनिस्कस नावाच्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्या शरीराचे वजन कमी करत नाहीत, ते मोठ्या जागेवर पसरवतात. मेनिस्कस काढून टाकला, की तेच वजन लहानशा भागावर येते आणि कूर्चा लवकर झिजते. म्हणूनच आजचे अस्थिरोगतज्ज्ञ तो शक्यतो वाचवायचा प्रयत्न करतात. साखळीच्या सांध्यात रेनॉल्ड यांच्या बुशने हेच काम केले.

सायकलने दिलेला वेग

कापड यंत्रांपुरती राहिली असती, तर ही साखळी इतिहासाच्या तळटीपेत जमा झाली असती. पण पाचच वर्षांत सायकलची रचना बदलली. तोवरच्या उंच सायकलीत पायडल थेट भल्यामोठ्या पुढच्या चाकाला जोडलेले असे. त्यात साखळीचे काम नव्हते. १८८५ मध्ये कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराच्या दोन चाकांची सायकल बाजारात आणली. तिचे मागचे चाक साखळीने फिरत होते. १८८८ मध्ये डनलप यांचे हवा भरलेले टायर आले आणि सायकलचे वेड पसरले. प्रत्येक सायकलला हलकी, टिकाऊ आणि मोजून-मापून बनवलेली साखळी हवी होती. बुश आणि रोलर असलेली साखळी या कामाला नेमकी लागू पडली. रेनॉल्ड यांचा कारखाना सॉल्फर्डमधून मँचेस्टरच्या ब्रुक स्ट्रीटवर आला आणि वाढत गेला.

आता साखळीची अडचण होती आवाजाची. दातेरी चाक दिसायला गोल असले, तरी साखळीच्या दृष्टीने तो बहुभुज असतो. सरळ कड्या त्याच्यावरून जाताना प्रत्येक दातागणिक किंचित वर-खाली होतात आणि प्रत्येक रोलर दातावर हलकेच आपटतो. सायकलच्या वेगात हे जाणवत नाही. कारखान्यातल्या यंत्रांच्या वेगात मात्र त्याची घरघर होते. १८९५ मध्ये रेनॉल्ड यांनी वेगळ्याच घडणीची साखळी आणली. तिच्यात रोलर नव्हते. कडीच्या पट्ट्यांनाच खालच्या बाजूला दात होते आणि ते चाकाच्या दातांत सरकत, न आपटता बसत. अशा अनेक पट्ट्या शेजारीशेजारी लावल्या, की रुंद, मजबूत आणि शांत साखळी तयार होई. सायलेंट चेन म्हणून ती ओळखली जाऊ लागली.

इंजिनाची लय

पहिल्या मोटारगाड्यांत साखळी दिसे ती बाहेर, मागची चाके फिरवताना. धूळ, चिखल आणि वंगणाचा अभाव यांत तिची दुर्दशा होई. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातही इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत रोलर चेननेच पोहोचत होती. इंजिनाच्या आत मात्र बराच काळ गिअरचे राज्य होते. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत सायलेंट चेन इंजिनात शिरली आणि तिथे तिला टायमिंगचे काम मिळाले.

हे काम काय असते? इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्टला फिरवतो. सिलिंडरच्या वर व्हॉल्व्ह असतात. काही ताजी हवा आत घेतात, काही जळालेला वायू बाहेर सोडतात. हे व्हॉल्व्ह उघडतो कॅमशाफ्ट, म्हणजे फुगवटे असलेला दांडा. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टन हवा आत घेतो, दाबतो, स्फोटाने खाली ढकलला जातो आणि धूर बाहेर लोटतो. या चार हालचालींत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमशाफ्टने क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरायला हवे. क्रँकच्या चाकाला २० दात असले, तर कॅमच्या चाकाला ४० दात देतात आणि दोघांना एका साखळीने बांधतात. हिशेब पक्का होतो, कारण साखळी पट्ट्यासारखी घसरत नाही.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरते आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, मिटतो. पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या कड्यांची साखळी अशा २० दातांच्या चाकावरून सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर धावते. गाडी सिग्नलला उभी असली, तरी आत ही धाव कमी वेगाने चालूच असते.

तिला सांभाळायला दोन सोबती दिलेले असतात. एक म्हणजे गाइड, साखळीला कडेने आधार देणारी लांब पट्टी. दुसरा टेन्शनर. साखळीची एक बाजू ताणलेली असते, दुसरी सैल. या सैल बाजूला टेन्शनर एका पट्टीवरून दाब देत राहतो. बहुतेक इंजिनांत त्याचा छोटा पिस्टन इंजिन ऑइलच्या दाबावरच चालतो. थंड सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइलचा दाब तयार व्हायला क्षणभर लागतो. तोवर सैल साखळी गाइडवर आपटते आणि खडखड ऐकू येते. आवाज क्षणात थांबला, तर चिंता कमी. तो लांबत चालला, तर टेन्शनर किंवा साखळी थकली असे समजावे.

चेन ताणली, असे गॅरेजमध्ये म्हणतात. खरे तर पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. लांबी वाढते ती सांध्यांच्या झिजेमुळे, म्हणजे रेनॉल्ड यांनी जिथे बोट ठेवले त्याच जागी. १२० सांध्यांच्या साखळीत प्रत्येक पिन आणि बुश मिळून एक शतांश मिलिमीटर झिजले, तरी साखळी १.२ मिलिमीटर लांब होते. लांब झालेली साखळी दातांच्या टोकाकडे चढू लागते. कॅमशाफ्ट क्रँकच्या किंचित मागे पडतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, गाडीची ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त लागते. आजच्या गाड्यांत दोन्ही शाफ्टवर सेन्सर असतात. त्यांच्या हिशेबात फरक आढळला, की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. तरीही दुर्लक्ष झाले, तर एक दिवस साखळी दात सोडून उडी मारते. अनेक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असते. फक्त वेळ वेगळी असते. ती वेळ चुकली, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात.

कामगारांचा थकवा

साखळ्यांचा धंदा वाढत होता, त्याच दशकात इंग्लंडमध्ये कामाच्या तासांवर वाद पेटला होता. अभियांत्रिकी कारखान्यांत आठवड्याला ५३-५४ तास काम चाले. कामगार पहाटे येत, न्याहारीआधीच पहिली पाळी करत आणि मग खायला थांबत. १८९३ मध्ये सॉल्फर्डच्याच विल्यम मॅथर यांनी आपल्या कारखान्यात वर्षभर प्रयोग केला. न्याहारीआधीचे काम बंद केले आणि आठवडा ५३ वरून ४८ तासांवर आणला. वर्षअखेरीस हिशेब मांडला, तर उत्पादन घटले नव्हते आणि कामाला दांड्या मारण्याचे प्रमाण कमी झाले होते. उपाशीपोटी आणि अर्धवट झोपेत केलेले पहाटेचे तास फारसे कामाचे नव्हतेच, हे त्यातून दिसले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने आपल्या शस्त्रशाळा आणि गोद्यांमध्ये ४८ तासांचा आठवडा आणला.

खासगी कारखानदार मात्र कचरत होते. शेजारचा ५३ तास यंत्र चालवत असताना आपण ४८ तास चालवले तर बुडू, ही भीती खरी होती. रेनॉल्ड यांनी १८९६ मध्ये ही जोखीम पत्करली आणि ४८ तासांचा आठवडा सुरू केला. असे करणाऱ्या पहिल्या काही अभियांत्रिकी कारखान्यांत त्यांची गणना होते. कामगारांना गरम जेवण मिळावे म्हणून त्यांनी कॅन्टीन सुरू केले, तेही याच सुमारास. शेकडो कामगार डब्यातले गार अन्न यंत्राशेजारी बसून खात, त्या काळातली ही गोष्ट. याच दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १८९० मध्ये, रविवारची सुटी नुकतीच मिळाली होती. ४८ तासांच्या आठवड्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली १९१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच करारात.

रेनॉल्ड केवळ दयाळू मालक होते, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. ते काटेकोर होते आणि कारखान्यातली शिस्त कडक होती. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर यांच्या शास्त्रीय व्यवस्थापनाच्या कल्पना ब्रिटनमध्ये लवकर उचलणाऱ्यांत त्यांचा कारखाना होता. टेलर यांच्या पद्धतीत घड्याळ लावून प्रत्येक हालचाल मोजली जाई आणि कामगारांना ती जाचक वाटे. मोजमाप हवे आणि कामगाराचा विश्वासही हवा, या ओढाताणीतून रेनॉल्ड यांच्या कारखान्यालाही वाट काढावी लागली. बर्नेज या मँचेस्टरच्या उपनगरात कारखान्याची नवी इमारत उभी राहत असतानाच कामगारांच्या खेळ, सहली आणि करमणुकीसाठी सोशल युनियन निघाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कामगार प्रतिनिधींच्या समित्याही आल्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकून आलेले त्यांचे चिरंजीव चार्ल्स या कामात पुढे होते. चार्ल्स पुढे ब्रिटनमधल्या व्यवस्थापन शिक्षणाच्या चळवळीतले एक मोठे नाव झाले आणि त्यांना सर हा किताब मिळाला.

रबर आले, साखळी परतली

१९३० मध्ये रेनॉल्ड यांची कंपनी आणि जुनी प्रतिस्पर्धी कॉव्हेन्ट्री चेन कंपनी एकत्र आल्या. तोवर मोटारगाडी श्रीमंतांच्या अंगणातून मध्यमवर्गाच्या दारात आली होती आणि टायमिंग चेन हा इंजिनाचा नेहमीचा भाग झाला होता. मँचेस्टर विद्यापीठाने रेनॉल्ड यांना मानद डॉक्टरेट दिली. २ मे १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची कंपनी त्यांच्यानंतरही साखळ्या बनवत राहिली.

त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांत टायमिंग चेनला तगडा स्पर्धक आला. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या गाडीत दातेरी रबरी पट्टा वापरला. हा पट्टा हलका, स्वस्त आणि शांत होता. त्याला तेलही लागत नव्हते. पुढच्या दोन-तीन दशकांत बऱ्याच गाड्यांनी साखळी सोडून पट्टा घेतला. पण रबर ठरावीक किलोमीटरनंतर बदलावेच लागते आणि ते विसरलेल्या मालकांची इंजिने पट्टा तुटून बंद पडू लागली. चांगले पोलाद, चांगले ऑइल आणि सुधारलेले टेन्शनर मिळाल्यावर अनेक कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या.

मात्र साखळी आयुष्यभर टिकते, या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. पिन आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो, त्याची जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी असते. जुन्या ऑइलमधली काजळी आणि धातूचे कण या फटीत शिरले, की तिथे सँडपेपर घासल्यासारखे होते. ऑइलची पातळी उतरली किंवा ते गाळाने जाड झाले, तर टेन्शनरलाही पुरेसा दाब मिळत नाही. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचे ऑइल वेळेवर बदलणे, मधल्या काळात डिपस्टिक काढून पातळी पाहणे आणि सकाळची खडखड लांबू लागली तर गाडी लगेच दाखवणे, एवढे केले तरी बहुतेक साखळ्या निमूट आपले काम करतात. ऑइल बदलण्याचा खर्च काही हजारांत भागतो. वाकलेले व्हॉल्व्ह बदलायचे तर इंजिनाचे डोके उतरवावे लागते.